देव सर्वसमर्थ आहे, मग बरं न झालेल्याचा विश्वास कमी पडला का?

शरणपूरकर
फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत आजारी लेकरं कडेवर घेऊन आलेले आईबाप दिसतात. त्या श्रद्धेपुढे मी हात जोडतो. माझा वाद आहे तो काही प्रार्थनासभांत ऐकू येणाऱ्या एका वाक्याशी: "विश्वास पुरेसा असता तर बरं झालं असतं." ओळखीतल्या एका आईला मुलगा गेल्यावर हे तोंडावर ऐकवलं गेलं.

हे शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, कुठे बसतं? वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने केलेली प्रार्थना पाहा (मार्क १४). बापा, तुला सर्व शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर. तरी माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. देवाचं प्रेम आणि सामर्थ्य, दोन्हींवरचा भरवसा एका दमात. प्याला मात्र दूर झाला नाही. येशूचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कोणाची छाती आहे? प्रेषित पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवलं, काटा तिथेच राहिला. देवाचं प्रेम प्रार्थनेच्या निकालावरून मोजू नका, एवढंच माझं म्हणणं.

सिन्नरचा विश्वासी
जय ख्रिस्त, दादा. त्या आईला जे बोललं गेलं ते वाईटच. पण त्या रागात तुम्ही देवाचं सामर्थ्य बाजूला सारताय. बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेल्या बाईला येशू म्हणाला, तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं आहे. नासरेथात लोकांच्या अविश्वासामुळे त्याने फारशी अद्भुत कृत्यं केली नाहीत, हे मत्तयानेच लिहिलंय. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करा, असं याकोब सांगतो. मी कामगार वस्तीत प्रार्थनेला जातो. तिथे औषधाला पैसे नसतात. 'देव तुझ्यासोबत दुःख सोसतो' एवढंच सांगून मी परत येऊ? पोट भरलेल्याला ते पुरत असेल.

शरणपूरकर
प्रार्थना थांबवा असं मी कुठे म्हटलं? मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघांनी छप्पर उसकटून पक्षघाती माणसाला खाली सोडलं. तिथे येशूने त्याला घेऊन आलेल्यांचाही विश्वास पाहिला. आणि येशूने मेलेल्यांतून उठवलेला लाजर तर चार दिवस कबरेत होता, त्याचा विश्वास कोणी तपासला? मग आजाऱ्याच्या विश्वासाचा हिशोब आपण कशाला मागतो?

निफाडचा बागाईतदार
मी ख्रिस्ती नाही, पण प्रश्न माझाही आहे. घड भरत आले असताना गारपीट झाली की वर्षाची मेहनत मातीत जाते. मग आमच्याकडेही कोणीतरी म्हणतंच, नवस फेडायचा राहिला असेल. मला सरळ सांगा. थांबवू शकत असून देव थांबवत नसेल तर ते प्रेम कसलं? आणि थांबवूच शकत नसेल तर तो सर्वसमर्थ कसा?

देवळालीची ताई
काका, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण नाशिकच्या शरणपूरचाच इतिहास बघा. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथल्या मिशनमध्ये वाढली. जेकब वेनराईट नाशिकलाच शिकला. १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरणारा मिशनरी-शोधक लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याचं शव आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीतही. त्याला देवाने सोडवलं, असं मी मनापासून मानते. पण कितीतरी पोरं त्या जहाजांतून कधी सुटलीच नाहीत. त्यांच्या आयांनीही देवाला हाक मारलीच असेल. सुटलेल्यांवर देवाचं प्रेम जास्त होतं, हे माझ्या तोंडून निघणार नाही.

बायबलमधल्या ईयोबाची मुलंबाळं, धन सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र म्हणत होते, तुझंच पाप असणार. शेवटी देवाचा कोप झाला तो त्या मित्रांवर.

सिन्नरचा विश्वासी
ताई, हे मला लागलं. मित्रांसारखं बोलणं बंद व्हायलाच हवं, आमच्या सभेत मी तसं सांगेन. पण तेल घेऊन जाणं सोडणार नाही, आणि मागणार ते बरं होण्यासाठीच. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातले तिघे, राजाच्या मूर्तीपुढे वाकले नाहीत म्हणून आगीत टाकले जाणारे, भट्टीपुढे उभे राहून आधी म्हणाले, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे. 'न सोडवलं तरी' हे त्यानंतर आलं. दादा, तुम्ही सुरुवातच तिथून करता.

निफाडचा बागाईतदार
ईयोबाची गोष्ट मीही वाचली आहे. शेवटी त्याला दहा मुलं झाली खरी. पण घर कोसळून मेलेली दहा परत आली नाहीत. त्यांचं काय?

शरणपूरकर
काका, ती दहा मुलं मलाही सोडत नाहीत. आमची सगळी आशा पुनरुत्थानावर आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ, असं पौल करिंथकरांना स्वच्छ लिहितो. मेलेले उठतील तेव्हाच देवाचं प्रेम आणि सामर्थ्य पूर्ण दिसेल, असं मी मानतो. ते अजून व्हायचं आहे. तोवर तुमचा प्रश्न उभाच आहे, आणि तो विचारणाऱ्याला अविश्वासी म्हणून गप्प बसवायला माझा विरोध राहील.