ठाण्यात हॅम (हौशी रेडिओवाल्या) लोकांनी स्वतःचा टाइम सिग्नल (रेडिओवरून अचूक वेळ) सुरू करावा का?

येऊरचा वारा:
वागळे इस्टेटला दुसऱ्या मजल्यावर राहतो, समोर टॉवर झाला आणि आकाशाची नुसती पट्टी उरली, अचूक वेळेसाठी घेतलेल्या जीपीएस मॉड्यूलचा उपग्रहांशी लॉक टिकतच नाही आणि गच्चीवर अँटेना लावायला सोसायटी नाही म्हणते. पूर्वी दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचं एटीए स्टेशन 10 मेगाहर्ट्झवर टिक टिक द्यायचं, ते बंद झालं. आता रात्री त्याच फ्रिक्वेन्सीवर चीनचं बीपीएम हे टाइम स्टेशन ऐकू येतं, पण जवळपास चार हजार किलोमीटर म्हणजे 13 मिलिसेकंद उशीर, वर आयनोस्फिअर (सिग्नल परतवणारा आकाशातला थर) हलला की तोही बदलतो. म्हणून म्हणतो, पारसिकच्या बाजूला उंच गच्ची असलेल्या कुणीतरी दोन मीटरच्या हॅम बँडवर छोटा टाइम बीकन (वेळेची टिक देत राहणारा ट्रान्समीटर) लावावा. खारघरपर्यंत वीसेक किलोमीटर धरले तरी उशीर सुमारे 67 मायक्रोसेकंदच, आणि तो फिक्स.

वाशी टू मीटर:
दादा मला हे पटत नाही. हौशी परवान्यावर ब्रॉडकास्टिंग चालत नाही, सतत एकतर्फी टिक सोडायची तर आधी डब्ल्यूपीसीला (परवाने देणाऱ्या सरकारी विभागाला) विचारा, नाहीतर एकाच्या हौसेपायी सगळ्यांचे परवाने अडचणीत येतील. आणि गरज कुणाला आहे? एफटी8 ला (कॉम्प्युटर जोडून छोटे मेसेज पाठवायची हॅम पद्धत) एक सेकंद इकडेतिकडे झाला तरी चालतं, त्याला इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारं एनटीपी पुरतं.

सोल्डरिंगवाली, खारघर:
परवानगीचं बरोबर, ती काढायलाच हवी. पण फक्त एफटी8 नका बघू, दोन-तीन ठिकाणी एकच सिग्नल पकडून तो कुठून आला हे काढायचं तर मायक्रोसेकंद लागतात, 1 मायक्रोसेकंद चुकला की 300 मीटर चुकलात, तिथे एनटीपी कामाचं नाही. मात्र येऊरदादा, एफएम हँडसेटच्या स्पीकरवरून टिक मोजू नका, ऑडिओ फिल्टरच मिलिसेकंद खातो आणि प्रत्येक सेटचा वेगळा. कॅरियर (मूळ रेडिओ लहर) सतत चालू ठेवून एसडीआरवर (कॉम्प्युटरला जोडायच्या रिसीव्हरवर) कच्चा डेटा घ्या, रिसीव्हर एकदा उघड्या गच्चीवर जीपीएसशेजारी ठेवून त्याचा उशीर मोजा, नंतर तेवढा वजा करत जा.

वाशी टू मीटर:
म्हणजे ताई शेवटी जीपीएस लागलंच ना! बीकनही त्यावरच चालणार, ते गेलं की बीकनही गेला.

सोल्डरिंगवाली, खारघर:
नाही जाणार लगेच. टेलिकॉममधून निघालेलं जुनं रुबिडियम अणुघड्याळ चांगलं चालत असेल तर दिवसभरात मायक्रोसेकंदभर सरकेल, साध्या 1 पीपीएमच्या (दहा लाखांत एक चुकणाऱ्या) क्रिस्टलचे तेवढ्यात 86 मिलिसेकंद जातात. आणि जीपीएस एका गच्चीवर लागणार, मग खालच्या मजल्यावरचे सगळे त्यावर जगतील, मुद्दा तोच आहे.

कळव्याचे काका:
वाशीकर चुकीचं बोलत नाहीत, पण गरज कुणाला हा प्रश्न मला टोचला. आम्ही हॅम झालो ते स्वतः करून शिकायला. सततचा बीकन आत्ता नकोच, रविवारी सकाळी रेडिओवरच्या नेटवर (हॅमांच्या ठरलेल्या भेटीत) कॉलसाइन म्हणजे आपली परवान्यावरची ओळख देऊन दहा मिनिटं टेस्ट करू, ऐकणाऱ्यांनी रिपोर्ट द्यायचा म्हणजे एकतर्फीही राहत नाही. रुबिडियम माझ्याकडे पडून आहे, 24 व्होल्टचा सप्लाय तेवढा कुणीतरी आणा.

येऊरचा वारा:
काका सप्लाय माझा. वाशीकर, परवानगीच्या अर्जाचा मसुदा तुम्ही बघाल का, तुम्हाला नियम माहीत आहेत म्हणून मनापासून विचारतोय.