नाताळ हे तारणाचे दान आहे, हे आपण सीमाभागात उघडपणे का सांगत नाही?

मलप्रभाकाठ (धागा सुरू करणारे)

डिसेंबर लागला की बेळगावच्या कॅम्पापासून खानापूर तालुक्यातील खेड्यांपर्यंत ख्रिस्ती घरांवर कागदी तारे लागतात, मुले माती आणि भाताचे पिंजर आणून गोठा उभा करतात आणि करंज्यांचे ताट शेजारच्या मराठी, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या घरांत जाते. याच दिवसांत सर्वांसाठी म्हणून नाताळचे कार्यक्रम होतात आणि त्यांत प्रेम, शांती, बंधुभाव यांवर भाषणे होतात. पाप आणि तारण (म्हणजे पापातून सुटका) हे दोन विषय मात्र त्या व्यासपीठावर हल्ली निघत नाहीत, आणि ते आपण ख्रिस्ती वक्तेच वगळतो, ही माझी तक्रार आहे.

बायबलात मत्तयाच्या पहिल्या अध्यायात देवदूत योसेफाला बाळाचे नाव येशू ठेवायला सांगतो आणि लगेच कारणही देतो की, तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील. लूकच्या दुसऱ्या अध्यायात मेंढपाळांना कळवले जाते तेही हेच, की तारणारा जन्मला आहे. थोर शिक्षक किंवा सुधारक जन्मला, असे तिथे कोणी म्हणत नाही. पौल रोमकरांस लिहितो की पापाचे वेतन मरण आहे, पण देवाचे कृपादान सार्वकालिक जीवन आहे. वेतन कमवावे लागते; दान कमवता येत नाही.

ही वार्ता आधी कोणाला मिळाली, हे आपल्या भागातल्या माणसाला तर सहज उमगावे. चिकोडी-अथणीकडे पीक निघालेल्या रानात आजही मेंढ्या बसवतात. वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत कळप, बाहेर घोंगडे पांघरून जागणारा धनगर, आणि खताच्या मोबदल्यात शेतमालकाकडून मिळणारे धान्य. बेथलेहेमचे मेंढपाळही असेच रात्री रानात राखण करत होते. त्यांनी त्यासाठी काही व्रत केले होते असे लूक सांगत नाही. ते आपल्या कामावर होते आणि तिथे ही वार्ता आली. देव आधी देतो आणि माणूस मागाहून जागा होतो, या क्रमात मला नाताळचा सगळा अर्थ दिसतो. तो वगळला तर उरते तेही चांगलेच असते, पण त्याला नाताळ म्हणण्याचे कारण उरत नाही.

निपाणीकर

आपल्या श्रद्धेचा मान राखून माझा विरोध नोंदवतो. मी हिंदू आहे, वारकरी घरातला आहे, आणि ख्रिस्ती मित्रांच्या निमंत्रणावरून अशा कार्यक्रमांना जात आलो आहे. तिथे मी शेजारी म्हणून बसतो. व्यासपीठावरून 'तुम्हाला तारणाची गरज आहे' असे सांगितले गेले, तर त्याच क्षणी मी पाहुणा राहत नाही, ज्याच्यात काही उणीव आहे असा माणूस होतो. शिवाय कृपा ही कल्पना आमच्याकडे उपरी नाही. आपल्या करणीने काही साधत नाही, देवाने हात दिला तरच पार, हे कीर्तनात आम्ही लहानपणापासून ऐकले आहे. तेव्हा दान सर्वांसाठी असेल, तर ते एकाच दारातून मिळते असा आग्रह कशासाठी?

आणि काळाचेही भान ठेवावे. 23 डिसेंबर 2021 रोजी, म्हणजे नाताळच्या दोन दिवस आधी, इथे बेळगावातल्याच सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केले, आणि त्यात प्रलोभनाच्या व्याख्येत भेटवस्तूचाही समावेश होता. 2023 मध्ये पुढच्या मंत्रिमंडळाने तो कायदा रद्द करण्याचा निर्णय घेतला असला, तरी लोकांच्या मनातला संशय अशा निर्णयाने जात नाही. वक्ते तारणाचा विषय टाळतात तो भित्रेपणाने नव्हे, शेजारधर्म म्हणून टाळतात, असे मला वाटते.

खानापूरचा कॅथलिक वाचक

माझा आक्षेप वेगळ्या बाजूने आहे. तारण हे दान आहे हे आमची चर्चही मानते. 1999 मध्ये कॅथलिक चर्च आणि प्रोटेस्टंटांपैकी लूथरन महासंघ यांनी याच प्रश्नावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, आणि 2006 मध्ये जागतिक मेथडिस्ट परिषदही त्यात सामील झाली. त्यामुळे कृपेवरून आपापसांत भांडायला आता फारशी जागा नाही. पण आपण मेंढपाळांची गोष्ट अर्ध्यावर सोडली आहे. वार्ता ऐकल्यावर ते उठले, घाईने बेथलेहेमास गेले, बाळाला पाहिले आणि जे कळले ते लोकांना सांगितले. मरियेनेही 'तुझ्या शब्दाप्रमाणे मला होवो' असे उत्तर दिले. मिळालेली कृपा आयुष्यभर जगावी लागते, आणि याकोबाने कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे असे स्पष्ट लिहिले आहे. फक्त 'दान घ्या' एवढेच सांगणाऱ्या उपदेशातून 25 तारखेला गर्दी आणि पुढच्या रविवारी रिकामी बाके, असे ख्रिस्ती घडतात. हे मी दुःखाने लिहीत आहे.

अथणीची शिक्षिका

या चर्चेत उसाच्या फडातले कोणी नाही, म्हणून लिहिते. नाताळ येतो तेव्हा आमच्याकडे गळीत हंगाम भरात असतो. तोडणी करणाऱ्या कुटुंबांची मुले पाचटाच्या कोपीत झोपतात, पहाटेच्या थंडीत आईबापांबरोबर फडात जातात आणि शाळेच्या पटावर त्यांचे नावही नसते. त्यांच्यापुढे आत्म्याच्या तारणाची भाषा मला जड जाते. बसवण्णांच्या कायक आणि दासोह यांच्या शिकवणीवर हा मुलूख वाढला आहे: श्रम करावे, आणि मिळेल ते वाटून खावे. तुमचा देव गोठ्यात जन्मला असेल, तर त्याचा सण कोपीपर्यंत पोहोचला पाहिजे, आणि तिथे ब्लँकेटच्या घडीत धर्माचे पत्रक नसावे.

मलप्रभाकाठ

शेवटापासून उत्तर देतो. बाईंशी मी पूर्ण सहमत आहे. ब्लँकेटबरोबर पत्रक दिले तर ब्लँकेटची किंमत ठरते, आणि त्याहून वाईट म्हणजे तारणाचीही किंमत ठरते. जे देवाने फुकट दिले त्याला आपण वस्तूची जोड द्यायला लागलो, तर ते दान आहे यावर आपलाच विश्वास नाही असे होईल. म्हणून कोपीत जावे ते केवळ थंडी आहे म्हणून. 'मी उघडा होतो आणि तुम्ही मला वस्त्र दिले' या वचनात वस्त्र देणाऱ्याने काही सांगितल्याचा उल्लेख नाही. मात्र त्या मुलाला फक्त पोट आणि पाठ आहे, अपराध, भय आणि मरण यांचे प्रश्न त्याच्या घरात नाहीत, असे धरून चालणे मला त्याचा अपमान वाटतो.

कॅथलिक बंधूंचे म्हणणे मान्य आहे, एवढेच जोडतो की मेंढपाळ धावले ते वार्ता मिळाली म्हणून; धावले म्हणून वार्ता मिळाली नाही.

निपाणीकर, आपण मांडलेली अडचण सगळ्यांत खरी आहे. तारण हवे असे म्हणताना ख्रिस्ती माणूस प्रथम स्वतःकडे बोट दाखवतो, निदान दाखवायला हवे. व्यासपीठावरून 'तुम्ही' असा सूर निघत असेल, तर दोष सांगणाऱ्याचा आहे, विषयाचा नाही. 'एकच दार' या आग्रहाबद्दल मात्र मी नरम होऊ शकत नाही. देवाने स्वतःचा पुत्र दिला, आणि गव्हाणीतल्या त्या बाळाची वाट पुढे वधस्तंभापर्यंत गेली, असे मी मानतो. हे मानल्यावर त्याला अनेक मार्गांपैकी एक म्हणणे माझ्याच्याने होत नाही. आपण पाहुणे आहात म्हणून ते आपल्यापासून लपवावे, यात मला आपला मान राखल्यासारखे वाटत नाही.

निपाणीकर

आपण सरळ लिहिलेत, म्हणून सरळ विचारतो. दान आहे तर ते नाकारताही आले पाहिजे. मी आदराने 'नको' म्हटले, तर आपल्या देवाच्या लेखी मी कोण?

मलप्रभाकाठ

नाकारता येते, येत नसते तर ती सक्ती झाली असती. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात देवाने पुत्राला पाठवले ते जगाचा न्याय करण्यासाठी नव्हे, जगाचे तारण व्हावे म्हणून, असे म्हटले आहे. लगेच पुढे विश्वास न ठेवणाऱ्याविषयी कठोर शब्दही आहेत, आणि ते मी आपल्यापासून दडवत नाही. पण त्या शब्दांवरून आपला निवाडा करण्याचा अधिकार मला दिलेला नाही. तो देवाकडे आहे, आणि मला तो जसा कळला आहे तसा तो शेवटपर्यंत देणाराच आहे.

निपाणीकर

उत्तर प्रामाणिक आहे, पण पटले नाही. त्या कठोर शब्दांमुळेच सर्वांसाठीच्या कार्यक्रमात हा विषय नको, असे माझे मत कायम आहे. तो चर्चमध्ये ठेवा; तिथे बोलावलेत, तर ऐकायला येईन.