अमेरिकेचा उपाध्यक्ष आणि शांततेचं नोबेल??

भटका_वाचक: नोबेलची यादी चाळताना १९२५ ला चार्ल्स डॉझ दिसला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष कूलिजचा उपाध्यक्ष होता म्हणे. कुणाला काही माहितीये का?

इतिहासवेडा: मूळचा बँकवाला माणूस. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीला युद्धाची भरपाई झेपेना, फ्रान्स-बेल्जियमने रुऱ्हमध्ये (जर्मनीचा कारखान्यांचा भाग) सैन्य घुसवलं, मग १९२४ मध्ये याच्या कमिटीने हप्ते ऐपतीप्रमाणे बसवून दिले आणि वर जर्मनीला परदेशी कर्जही मिळवून दिलं. नोबेल त्याचंच, ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेनबरोबर वाटून.

खवचट_काका: उपाध्यक्ष म्हणून मात्र आनंदीआनंद! शपथविधीच्या भाषणातच सिनेटवाल्यांना (तिकडच्या संसदेचं वरचं सभागृह) नियम बदला म्हणून झापलं, आणि सहाच दिवसांनी कूलिजने नेमलेल्या वॉरनच्या ॲटर्नी जनरलपदाचं (सरकारचा मुख्य कायदा अधिकारी) सिनेटमधलं मतदान ४०-४० वर अडलं. बरोबरी झाली की निर्णायक मत उपाध्यक्षाचं, म्हणजे याचं, आणि साहेब विलर्ड हॉटेलात झोपलेले 😂 धावतपळत येईपर्यंत एका सिनेटरने मत फिरवलं, नेमणूक आपटली. कूलिजशी काय पटणार मग.

भटका_वाचक: बाबौ, म्हणजे युरोप सावरला आणि डुलकी नडली

सूरमयी: १९१२ च्या सुमारास याने व्हायोलिनची एक धूनपण बांधलेली हां. नंतर तिला शब्द लावले, १९५८ ला टॉमी एडवर्ड्सने गायलेलं ते गाणं अमेरिकेत नंबर वन! तोवर डॉझ जाऊन ७ वर्षं झालेली.