शेजाऱ्यानेच मारलं असेल, तर न्याय कसा करायचा?

महालची_शिक्षिका: मार्च २०२५ मध्ये दंगलीमुळे आमच्याकडे नागपुरात संचारबंदी लागली होती. तेव्हापासून माझ्या दहावीच्या वर्गात "माफी की शिक्षा?" हा वाद सारखा निघतो. १९९४ च्या नरसंहारानंतर आफ्रिकेतल्या रवांडातल्या लोकांनी पुन्हा एकत्र राहणं कसं जमवलं?

निवृत्त_वकील_धरमपेठ: ताई, हुतू जमातीतल्या कट्टरांनी शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली, बहुतेक तुत्सी जमातीची. लाखावर आरोपी तुरुंगात, आणि बरेच न्यायाधीशच मारले गेलेले. म्हणून गावात गवतावर बसणाऱ्या 'गचाचा' सभांना न्यायालयाचे अधिकार दिले. पंच गावकऱ्यांनीच निवडलेले. गुन्हा कबूल केला, प्रेत कुठे पुरलं ते सांगितलं, तर शिक्षा कमी. २०१२ पर्यंत १९ लाखांच्या आसपास प्रकरणं निकाली निघाली. आरोपीला वकील मात्र नव्हता. आयुष्यभर कोर्टात उभं राहिलो, मला हे पटत नाही.

इतवारीवाला: काका, तिथलं युद्ध जिंकलेल्या, मुख्यतः तुत्सींच्या बाजूच्या सैनिकांनी केलेल्या हत्या या सभांपुढे आल्याच नाहीत. ताई, पोरांना हेही सांगा बरं.

महालची_शिक्षिका: सांगते, भाऊ. पण मी प्रेताच्या जागेपाशीच अडकले आहे. मारणाऱ्यानेच बोट दाखवायचं, आणि आईने तिथे उकरायचं. सोमवारी वर्गात इथूनच सुरुवात करते.