मदत हवी आहे: छोट्या परिषदेचे प्रोसिडिंग्ज ओपन ॲक्सेस (सर्वांना मोफत वाचायला खुले) करायचे आहेत, पैसे नाहीत

नमस्कार मंडळी,

संगणकशास्त्रातल्या एका छोट्या परिषदेच्या प्रोसिडिंग्जचं, म्हणजे तिथल्या पेपरांच्या खंडाचं, काम यंदा माझ्या गळ्यात पडलंय. विषय सैद्धांतिक: टाइप सिस्टिम, प्रोग्रॅमची अचूकता सिद्ध करणं वगैरे. वीस-पंचवीस पेपर असतात. आजवर खंड एका व्यावसायिक प्रकाशकाकडे निघायचा. परीक्षण आम्ही फुकट करायचं, लेखकांनी लाटेकमध्ये (मजकूर जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) मांडणी स्वतः करून द्यायची, वर कॉपीराइटही लिहून द्यायचा. एवढं होऊन पेपर वाचता येणार फक्त ज्यांच्या ग्रंथालयाने वर्गणी भरलीय त्यांना. यंदा सुकाणू समितीने हे बंद करायचं ठरवलंय.

पण नोंदणी शुल्क वाढवता येत नाही, कारण निम्मे लेखक विद्यार्थी आहेत. लेखकांकडून प्रकाशन शुल्क घ्यायलाही समितीचा विरोध आहे. त्यातच काहींना पीएचडीसाठी किंवा बढतीसाठी डीओआय (पेपरचा कायमचा ओळखक्रमांक) लागतो, काहींना स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीत नोंद. सीईयूआर, ईपीटीसीएस, जर्मनीतल्या डागश्टूल केंद्राच्या मालिका अशा खुल्या प्रकाशन-मालिकांपैकी एखादी, की सरळ परिषदेच्या वेबसाइटवर पीडीएफ टाकून मोकळं व्हायचं? शिवाय जुन्या खंडांचं काय? ज्यांनी स्वतः खंड काढलेत त्यांनी कृपया प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १

वेबसाइटचा विचार आधी डोक्यातून काढा. युझनिक्स ही संगणकवाल्यांची संघटना २००८ पासून आपले पेपर स्वतःच्या साइटवर खुले ठेवते, संगणकीय भाषाशास्त्रवाल्यांचा एसीएल अँथॉलॉजी हा खुला पेपर-संग्रह आहे. पण त्यांच्यामागे कायमची संस्था आहे. तुमच्या परिषदेचं यजमानपद दरवर्षी फिरत असणार. ज्याने डोमेन घेतलं तो दोन वर्षांनी दुसऱ्या नोकरीत, आणि नूतनीकरणाचं ईमेल कोणी उघडत नाही.

सीईयूआर १९९५ पासून चालू आहे, लेखक-संपादक कोणालाच पैसे पडत नाहीत, पेपर सीसी बाय परवान्याखाली (श्रेय देऊन कोणीही वापरावं) जातात. पण तिथे डीओआय मिळत नाही. तुमच्या लेखकांना तो हवाच असेल तर विषय इथेच संपला. खूप छोटे पेपर असतील तरीही बघून घ्या: अडीच हजार अक्षरांचं एक पान धरून नियमित पेपर किमान दहा पानांचा लागतो, शॉर्ट पेपर पाच.

प्रतिसाद २

तुमचा विषय वाचून पहिलं नाव ईपीटीसीएसचंच सुचलं. २००९ पासून सुरू, खास सैद्धांतिक संगणकशास्त्रासाठी, पूर्ण मोफत. पेपर प्रत्यक्षात आर्काइव्हवर (arXiv या खुल्या पेपर-संग्रहावर) राहतात, त्यामुळे उद्या मालिका बंद पडली तरी पेपर जागच्या जागी. डीओआय मिळतो, कॉपीराइट लेखकाकडेच राहतो, डीबीएलपीवर (संगणकशास्त्रातल्या पेपरांच्या सूचीत) नोंद होते.

फक्त सगळं लाटेकमध्ये आणि त्यांच्याच स्टाइल फाइलमध्ये हवं. आर्काइव्ह लाटेकचा सोर्स मागतं, तयार पीडीएफवर भागत नाही. एखाद्या लेखकाने कुठलंसं विचित्र पॅकेज वापरलं की त्याचा पेपर तिथे कंपाइल होत नाही आणि अख्खा खंड त्याच्यासाठी अडतो. कॅमेरा-रेडीच्या (अंतिम प्रतीच्या) मुदतीनंतर स्वतःच्या हाती चांगला आठवडा राखून ठेवा. आणि अर्ज पेपर मागवण्याआधी करा. होकार नसताना जाहिरातीत मालिकेचं नाव टाकू नका. मग लेखकांना तोंड देणं कठीण.

प्रतिसाद ३

थोडा विरोधी सूर लावतो. मोठ्या प्रकाशकाचं नाव गेलं की पेपर येणं कमी होतं, अशी भीती समितीत कोणालाच नाही का? आमच्याकडे यावरूनच घोडं अडलंय.

प्रतिसाद १

@प्रतिसाद ३: संगणकीय भूमितीवाल्यांची एसओसीजी परिषद २०१५ साली एसीएम ही मोठी संगणक संघटना सोडून डागश्टूलच्या लिपिक्स मालिकेत गेली, आयसीएएलपी परिषद २०१६ मध्ये. एफएसटीटीसीएस परिषद तर २००८ पासून तिथे आहे. कुणाचं काही बिघडलं नाही. लोक परिषदेच्या नावाकडे बघून पेपर पाठवतात, मुखपृष्ठाच्या रंगाकडे बघून नाही. आता तर एसीएमनेही जानेवारी २०२६ पासून सगळं प्रकाशन खुलं केलंय. अर्थात तिथे खर्च संस्थेच्या वार्षिक करारातून किंवा लेखकाच्या खिशातून निघतो, म्हणजे धागाकर्त्यांच्या कामाचं नाही.

लिपिक्स मात्र मुरलेल्या परिषदांसाठी आहे. आधीच्या वर्षांची माहिती देऊन अर्ज करावा लागतो आणि त्यांचं संपादक मंडळ तो तपासतं. लहान कार्यक्रमांसाठी त्यांचीच ओएसिक्स मालिका आहे. दोन्हीकडे प्रत्येक पेपरमागे शुल्क आहे; व्यावसायिक दरांच्या मानाने किरकोळ, पण शून्य नाही.

धागाकर्ता

खूप आभार. ईपीटीसीएसकडेच कल झुकतोय. दोन गोष्टी राहिल्या. परवान्यात समितीतले एक ज्येष्ठ सदस्य 'व्यावसायिक वापराला बंदी' हवीच म्हणतात. आणि जुन्या खंडांबद्दल कोणीच बोललं नाही.

प्रतिसाद ४

सरांना सांगा की त्या बंदीने मोठ्या कंपन्यांपेक्षा शिक्षकांचीच जास्त अडचण होते. तुमच्या पेपरातली आकृती विकत मिळणाऱ्या पाठ्यपुस्तकात घ्यायची तर परत परवानगी, विकिपीडियावर तर चालतच नाही. श्रेय देण्याची अट सीसी बायमध्ये असतेच. तेवढी पुरे.

जुन्या खंडांचा कॉपीराइट गेलेला आहे, त्यामुळे छापील पानं तुम्ही उचलून टाकू शकत नाही. पण बहुतेक करारांत लेखकाला स्वतःची स्वीकृत प्रत, म्हणजे परीक्षणानंतरची पण प्रकाशकाच्या मांडणीआधीची, ठरावीक मुदतीनंतर संस्थेच्या रिपॉझिटरीत (ऑनलाइन संग्रहात) ठेवायची मुभा असते. करार काढून ते कलम वाचा, मग लेखकांना त्या कलमासकट ईमेल टाका. नुसतं 'कृपया अपलोड करा' म्हटलं की कोणी करत नाही. परिषदेच्या पानावर प्रत्येक पेपरासमोर त्या खुल्या प्रतीची लिंक द्या. जे लेखक संशोधन सोडून गेलेत त्यांचे पेपर राहतील, त्याला इलाज नाही.

प्रतिसाद २

स्कोपसबद्दल एक: मालिका तिथे आहे म्हणजे तुमचा खंड आपोआप येईलच असं धरून चालू नका, आणि आला तरी उशिराने येतो. पेपर मागवताना 'स्कोपस इंडेक्स्ड' असं छापू नका. मालिकेचं नाव आणि डीओआय मिळेल एवढंच लिहा.

धागाकर्ता

हे बरं सांगितलंत, मसुद्यात ते वाक्य होतंच, काढतो. अर्ज या आठवड्यात पाठवतोय. कोणाकडे लेखकांना पाठवायच्या लाटेक सूचनांचा तयार नमुना असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.