‘विदा’, ‘नोंदी’ की डेटाच?

वडगावचा: आमच्या बेळगाव भागातल्या मागवाल्यांसाठी, म्हणजे विणकरांसाठी, एक पुस्तिका इंग्रजीतून मराठीत करतोय. कुठल्या रंगाची साडी किती दिवसांत उठते, कुठली पडून राहते, हे बिलांवरून बघायचं आणि मग सूत मागवायचं, असा विषय. ‘डेटा’ला ‘विदा’ लिहिलं. काकांनी वाचून विचारलं, “काय लिहूलालास रे, कोण विदा झालं?” मग ‘डेटा’ केलं, तर मागावरचा पोरगा म्हणाला, “माझा दीड जीबी दुपारीच संपतो.” काय लिहू? आणि ‘ॲनालिटिक्स’ला, म्हणजे त्या डेटावरून अर्थ काढण्याला?

निपाणीकर: ‘माहिती’ लिहा की. सगळ्यांना कळतं.

उद्यमबाग: माहिती नको. ‘श्रावणात हिरवी साडी चालते’ ही माहिती. 3 श्रावणांची बिलं रंगवार मांडली की तो डेटा, आणि त्यानं ती माहिती खोटीही ठरते. मी फाउंड्रीत होतो तेव्हा पावसाळ्यात कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे ओतीव नगात हवेची भोकं, वाढायचे. सगळे भट्टीवाल्याला धरायचे. एका सुपरवायझरनं वहीत रकाने पाडले: हीट नंबर (भट्टीतून एका वेळी निघालेल्या रसाचा), पाळी, वाळूतला ओलावा, बाद नग. दोन महिन्यांत दिसलं, हीट कुठलीही असो, ओलावा चढला की बाद नग चढतात. वाळू झाकून ठेवायला लागलो, भट्टीवाल्यावरचा आळ गेला. त्या वहीला आम्ही ‘नोंदी’ म्हणायचो. ‘नोंदींवरून निर्णय’ लिहा.

खानापूरची: नोंद म्हणजे एक ओळ. हजार ओळी एकत्र आल्यावर जे तयार होतं त्याला वेगळा शब्द हवाच. ‘विदा’ विद् धातूवरून केलाय, विद् म्हणजे जाणणे. सावरकरांचा ‘महापौर’ही एकेकाळी नवाच होता. आज आपल्या पालिकेत मराठी-कन्नड दोघंही तोच म्हणतात.

निपाणीकर: ताई, शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी ‘दुकान’, ‘कारखाना’, ‘हिशेब’ आजही बाजारात आहेतच. बाजार आपला शब्द सोडत नाही.

चिकोडी: माझी मुलगी कन्नड माध्यमात आहे. डेटाला कन्नडात ‘दत्तांश’. लॅटिन ‘डेटम’ म्हणजे दिलेलं, आपलं ‘दत्त’ म्हणजेही दिलेलंच, मूळ एकच. तोच घ्या.

निपाणीकर: पाटीवर मराठी राहावी म्हणून झगडायचं आणि पुस्तिकेत दत्तांश आणायचा? मला पटत नाही.

चिकोडी: दादा, अडकित्ता कुठून आला? कन्नडात ‘अडके’ म्हणजे सुपारी. घराघरात तो आहे, कुणी परत दिला नाही. आणि दत्त शब्द तर संस्कृत, तो कुणा एकाचा नाही.

वडगावचा: ॲनालिटिक्सला ‘ठोकताळा’ चालेल?

उद्यमबाग: अजिबात नको. ठोकताळा अनुभवावर, ढोबळमानानं बांधतात. तेच तर मोडायचंय. नुसता ‘ताळा’ घ्या. 50 मधून 18 गेले, उरले 32. 32 आणि 18 मिळवले, 50 आले, हा ताळा.

खानापूरची: ताळा हिशेब बरोबर आहे का एवढंच सांगतो. हिरवी साडी का पडून राहिली ते नाही सांगत. ‘विश्लेषण’च बरं.

निपाणीकर: आमची आजी ‘पडताळा’ म्हणायची. तंबाखूची बोदं, म्हणजे गठ्ठे, उतरली की वहीतला आकडा आणि समोरची बोदं, दोन्ही बोटानं मोजायची. ताळा आणि पडताळा एकच का?

चिकोडी: आणि ताळेबंदातला ‘ताळे’?

वडगावचा: मजकूर सोमवारी छापखान्यात जातोय. पहिल्या पानावर अजून ‘विदा’च आहे.

निपाणीकर: पडताळ्याचं कुणीतरी सांगा हो.