मदत हवी आहे: सहा वर्षांच्या भाच्यासाठी कोलोनोस्कोपी की कमी रेडिएशनचा सीटी?

नमस्कार. आम्ही चोपड्याचे. बहिणीच्या मुलाला गेले काही आठवडे शी करताना अधूनमधून ताजं लाल रक्त पडतंय. दुखत नाही, ताप नाही, शी कडकही नाही. जळगावच्या बालरोगतज्ज्ञांच्या मते या वयात न दुखता असं रक्त जात असेल, तर बहुतेकदा मोठ्या आतड्यात पॉलिप (अस्तरावर वाढलेली गाठ) निघतो आणि तो सहसा कॅन्सरचा नसतो. हिमोग्लोबिन थोडं कमी आलंय. लहान मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांकडून कोलोनोस्कोपी (भूल देऊन, गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं तपासणं) करून घ्या, असं त्यांनी सांगितलं. त्यासाठी मुंबई गाठावी लागेल.

घरात सगळं अडलंय ते भुलीवर. आईचं एकच पालुपद, "पोऱ्याले भूल देवू नका." त्यात कुणीतरी भावजींना सीटी कोलोनोग्राफी (सीटी स्कॅनने मोठं आतडं पाहणं) सुचवली: रेडिएशन कमी, दुर्बीण नाही, भूल नाही. एक स्कॅन सेंटर करायला तयारही आहे.

मी वाचत गेलो तशी माझी धास्ती वाढली. पोट साफ करायचं औषध यातही द्यावंच लागतं. गुदद्वारातून बारीक नळी घालून आतड्यात हवा किंवा कार्बन डायऑक्साइड भरतात आणि मुलाला एकदा उताणं, एकदा पालथं ठेवून स्कॅन घेतात. पोट फुगलेलं असताना आमचं पोर निपचित पडून राहील असं मला वाटत नाही. बरं, पॉलिप दिसलाच तर तो काढायला कोलोनोस्कोपी आहेच. आणि नाही दिसला तर निर्धास्त राहायचं का? सहा मिलिमीटरहून लहान पॉलिप सीटीत सुटू शकतात म्हणे.

मला विचारायचंय ते हे: अशा मुलाला सीटी करण्यात खरंच काही अर्थ आहे का? आणि "कमी रेडिएशन" म्हणजे नेमकं किती, हे सेंटरला कसं विचारायचं?

प्रतिसाद (धुळे, सीटी तंत्रज्ञ):
दादा, तुमची शंका रास्त आहे. निर्णय डॉक्टरांचा, पण रक्त जाणाऱ्या मुलात कोलोनोस्कोपी आधी करतात, कारण निदान आणि पॉलिप काढणं एकाच भुलीत होतं. काढलेला तुकडा तपासणीलाही जातो. पॉलिप पाचाहून जास्त निघाले तर पुढची दिशाच बदलते, म्हणून ती तपासणी महत्त्वाची. दुर्बीण शेवटपर्यंत पोहोचली नाही, तर सीटीचा विचार होऊ शकतो.

रेडिएशनचं म्हणाल, तर निसर्गातून जगात माणशी वर्षाला सरासरी अडीच ते तीन मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक) मिळतंच. मोठ्या माणसाच्या पोटाच्या साध्या सीटीत ८ ते १० च्या आसपास जातं. कमी मात्रेच्या कोलोनोग्राफीत त्याहून बरंच कमी, पण शून्य नाही. मुलांच्या पेशी वेगाने वाढत असतात, पुढचं आयुष्यही मोठं, म्हणून उगाच एकही स्कॅन नको. कधी करावाच लागला, तर विचारा: मुलाच्या वजनानुसार सेटिंग लावता का, १२० ऐवजी ८० किंवा १०० केव्ही (एक्स-रे नळीचा व्होल्टेज) ठेवता का, आणि डोस रिपोर्ट हातात द्याल का? अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवानाही पाहा. उत्तर द्यायला कां-कूं केली, तर तिथून निघा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. "एकाच भुलीत काम होतं" हे आईला पटलं, भावजीही तयार झाले. आता मुंबईच ठरलंय. पोट साफ करायचं औषध देऊन पोराला भुसावळहून गाडीत बसवणं शक्य नाही, म्हणजे आदल्या दिवशी तिथेच मुक्काम. एवढ्या लहान मुलाला ते औषध कुणी पाजलं आहे का? तो साधा कफ सिरपही थुंकतो. कसं पाजलंत, ते कृपया सांगा.